तुंबुका: भाषा, माणसं की मुलूख? आणि मराठीत लिहायचं कसं?

उंबरठा

नमस्कार मंडळी.

एका त्रैमासिकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. विषय आहे उत्तर मलावीत गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका. लेख सोपा आहे, माणसं जिवंत उभी राहतात, पण एका शब्दापाशी दोन दिवस अडकलेय. तो शब्द म्हणजे तुंबुका.

लेखात तो चार ठिकाणी येतो आणि चारही वेळा वेगळा वागतो. एकदा 'द टुम्बुका' म्हणजे सगळे लोक. एकदा 'अ टुम्बुका वूमन', तिथे तो विशेषण. एकदा ती बाई 'इन टुम्बुका' उत्तर देते, म्हणजे भाषा. आणि शेवटी 'टुम्बुकाज' असं अनेकवचन. लेखिका एकच, शब्द एकच.

अर्थ शोधायला गेले तर जालावरच्या एका शब्दकोशात 'फुलणे, उमलणे' असा मिळाला. मला तो इतका आवडला की 'तुंबुका म्हणजे उमलणारी माणसं' अशी तळटीपही लिहून टाकली. रात्री मात्र झोप लागेना, कारण लेखात फुलाचा कुठे मागमूस नाही.

तर प्रश्न असे. अर्थ नक्की काय? इंग्रजीत हा शब्द कसा वापरतात? मराठीत तुंबुका लिहू, टुम्बुका लिहू, की आणखी काही? जाणकारांनी मदत करा.

कोकणकडा

शीर्षक वाचून वाटलं आमच्या गल्लीतलं गटार पुन्हा तुंबलं आणि कोणीतरी धागा काढला. आत आलो तर आफ्रिका. वाचतोय.

फिरस्ता

बांटू कुळातली भाषा आहे एवढं माहीत आहे. मलावीचा उत्तर भाग आणि त्याला लागून झांबियाचा पूर्व भाग. बाकी जाणकार सांगतीलच.

शेवंती

उंबरठाताई, ती तळटीप आधी काढा.

'उमलणे' हा अर्थ शोना भाषेतला. शोना ही झिंबाब्वेतली, मलावीतली नाही. माझी मुलगी हरारेत पाच वर्षं होती, मी दोनदा जाऊन राहिले. शेजारच्या बाईंच्या कुंपणाला जास्वंदासारखं झुडूप होतं. सकाळी पहिलं फूल उघडलं की त्या हाक मारून दाखवायच्या आणि 'कुतुंबुका' म्हणायच्या. तिथे ते क्रियापद आहे, फुलानं उघडणं. मलावीतल्या लोकांच्या नावाशी त्याची सांगड घालू नका. शब्दकोशाच्या पानावर भाषेचं नाव बारीक अक्षरात असतं, ते पाहा एकदा.

उंबरठा

पाहिलं. अगदी बारीक अक्षरात 'शोना' असं लिहिलंय. तळटीप काढली. शेवंतीताई, मनापासून आभार. छापून गेली असती तर कोणी मागे घेतली असती?

फिरस्ता

स्वाहिलीतही जवळचा शब्द आहे. 'कुतुंबुकिया' म्हणजे आत पडणं, विहिरीत किंवा खड्ड्यात पडावं तसं. बांटू भाषांमध्ये असं वरचेवर होतं, अक्षरं तीच आणि अर्थ तीन गावचे. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'शिक्षा' मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण.

धातुपाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. जरा लांबण लागेल.

बांटू भाषांमध्ये नामाचा वर्ग शब्दाच्या तोंडाशी लागलेल्या उपसर्गावरून कळतो. तुंबुकातलीच उदाहरणं घेऊ. मुन्थु म्हणजे माणूस, वान्थु म्हणजे माणसं. चिन्थु म्हणजे वस्तू, विन्थु म्हणजे वस्तू अनेक. धड तेच राहतं आणि डोकं बदलतं. लोकांच्या नावांचंही तसंच. एक माणूस तो मुतुंबुका, पुष्कळ माणसं ती वातुंबुका, आणि भाषा चितुंबुका. म्हणजे त्या लोकांच्या तोंडी नुसता 'तुंबुका' हा शब्द क्वचितच येतो, तो नेहमी काहीतरी डोक्यावर घेऊनच फिरतो.

आपण हेच काम शेवटाला करतो. गुजरात-गुजराती, बंगाल-बंगाली, कानडा-कानडी. आपण शेपूट लावतो, ते टोपी घालतात.

इंग्रजीनं ती टोपी काढून ठेवली. एल्म्स्ली नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८९१ साली या भाषेवरची टिपणं छापली, तीही नुसत्या 'टुम्बुका' नावानं. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी तेच उचललं. माल्कम गथ्री यांनी बांटू भाषांची जी प्रसिद्ध वर्गवारी केली तिच्यात या भाषेचा क्रमांक एन २१. टोपी काढल्यामुळे माणूस, माणसं आणि भाषा या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच बोडका शब्द उरला. तुमच्या लेखात तो चार तऱ्हांनी येतो त्याचं कारण हे. लेखिकेची चूक नाही, इंग्रजीतली रूढीच तशी आहे. 'द टुम्बुका' आणि 'टुम्बुकाज' ही दोन्ही अनेकवचनं चालतात. पहिलं अभ्यासाच्या लिखाणात जास्त, दुसरं बोलण्यात आणि वर्तमानपत्रात.

पेन्शनर_काका

फारच छान समजावलंत. शेपूट आणि टोपी कायमचं लक्षात राहील.

दर्यावर्दी

हा धागा मला आज दिसला याचा फार आनंद झाला. मी उत्तर मलावीतल्या म्झुझू शहरात साडेतीन वर्षं काढली आहेत. पाण्याचे हातपंप बसवायचं काम होतं, त्यामुळे शहरात कमी आणि म्झिम्बा, रुम्फीकडच्या गावांमध्ये जास्त.

धातुपाठ म्हणतात त्यात एक भर घालतो. उपसर्ग काढणारं इंग्रजी हे पुस्तकातलं आणि बाहेरचं इंग्रजी. मलावीतली माणसं स्वतः इंग्रजी बोलतात, लिहितात तेव्हा तिथल्या भाषांना सर्रास 'चिचेवा', 'चियाओ', 'चितुंबुका' म्हणतात. तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही तेच. ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी फोन ठेवला की मला म्हणायचा, 'माफ कर, मी चितुंबुकात बोलत होतो.' त्याच्या तोंडून नुसतं 'टुम्बुका' मी भाषेसाठी कधी ऐकलं नाही. माणसांबद्दल मात्र तो इंग्रजीत 'टुम्बुका' आणि 'टुम्बुकाज' दोन्ही म्हणायचा. तेव्हा इंग्रजीत कसं वापरतात याचं उत्तर कोणाचं इंग्रजी यावर अवलंबून आहे.

आता जिभेवर राहिलेलं थोडं. भेटल्यावर 'मोनिरे'. मग 'मुली उली?' म्हणजे कसे आहात? उत्तर 'निली माकोरा, क्वाली इम्वे?' म्हणजे मी बरा, आणि तुम्ही? आभाराला 'येवो'. फार आभार असतील तर 'येवो चोमेने'.

हे सगळं घाईत म्हणायचं नसतं. पंपाच्या कामाला गावात पोचलो की मी आधी पाइप उतरवायला धावायचो. आमचा फोरमन मला थांबवायचा. आधी झाडाखाली बसलेल्यांपुढे थोडं वाकायचं, दोन्ही तळवे खोलगट करून हलकेच वाजवायचे, खुशाली विचारायची, त्यांची ऐकून घ्यायची, मग काम. हे केलं नाही तर पंप बसतो, पण त्याची राखण करायला कोणी पुढे येत नाही.

कोकणकडा

'मुली उली?' वाचून मुलीच आठवल्या. आणि 'येवो' तर आपलाच शब्द वाटतो, पाऊस येवो, सुख येवो!

शेवंती

आभार मानताना 'येवो' म्हणणारी माणसं. किती गोड.

मोडीवाला

दर्यावर्दी आणि धातुपाठ, दोघांनाही नमस्कार. माझं मत असं की मराठीत 'चितुंबुका'च लिहावं. लोक स्वतःला जे म्हणतात ते. इंग्रजांनी टोपी काढली म्हणून आपणही काढायची हे पटत नाही. आपल्या नावाचं इंग्रजांनी काय केलं ते आठवा. कंपनीच्या कागदांत 'महरट्टा'. १७४२ साली कलकत्त्यात आपल्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं खणलेला खंदक, तो 'महरट्टा डिच'. आजही इंग्रजीत मराठा, मराठी आणि महाराष्ट्रियन या तिघांचा असा गोंधळ घालतात की वाचवत नाही. गोव्याच्या माणसाला 'गोवनीज' म्हणून पाहा, काय उत्तर मिळतं ते! ज्याला ही खरचट माहीत आहे त्यानं दुसऱ्याच्या नावाला तरी जपावं.

धातुपाठ

@मोडीवाला, भावना पूर्ण मान्य, निष्कर्ष नाही. आपण 'स्वाहिली' लिहितो, 'किस्वाहिली' नाही. 'झुलू' लिहितो, 'इसिझुलू' नाही. ही नावं मराठी वाचकाच्या ओळखीची झाली आहेत. एकाच लेखात स्वाहिली बोडकी आणि तुंबुका टोपीत, हे विसंगत दिसेल. शिवाय 'चितुंबुका बाई' असं कोणी लिहून बसलं तर ते साफ चूक, कारण चि- फक्त भाषेला. बाईला मु- लागेल. मराठी लेखकानं बांटूचे नामवर्ग सांभाळत बसावं अशी अपेक्षा करता येत नाही.

मोडीवाला

बोत्स्वाना आणि लेसोथो कसे चालतात मग? तिथे तर उपसर्गासकट घेतलंत.

धातुपाठ

ती देशांची नावं, सरकारी आहेत, तशीच येणार. गंमत पाहा, देश बोत्स्वाना, माणूस मोत्स्वाना, भाषा सेत्स्वाना. देशाच्या नावात टोपी शाबूत राहिली आणि भाषेची इंग्रजीनं काढली, तिला 'त्स्वाना' म्हणतात.

उंबरठा

दोघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. लेखातली बाई एके ठिकाणी म्हणते, 'आमच्या भाषेला शाळेत जागा नव्हती.' लेखिकेनं पुढे एका ओळीत १९६८ लिहून सोडून दिलंय. त्या साली काय झालं, कोणी सांगेल का? वाचकाला नुसत्या सालावरून काही कळणार नाही.

दर्यावर्दी

सांगतो. म्झुझूतल्या पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाशी अर्धा तास बोललात तर हे साल निघतंच.

आधी थोडं मागे जावं लागेल. उत्तरेत स्कॉटिश मिशन आलं ते मलावी सरोवराच्या काठानं. काठावर मलेरियानं माणसं दगावू लागली, म्हणून १८९४ मध्ये डॉ. रॉबर्ट लॉज यांनी मुख्य ठाणं वर खोंडोवेच्या पठारावर हलवलं. तेच आजचं लिव्हिंग्स्टोनिया. वीस-बावीस नागमोडी वळणांचा कच्चा रस्ता आहे, पावसात गाडी चढत नाही. शेवटचे चार किलोमीटर मी चालत गेलोय आणि वरून सरोवर पाहून पायांचं दुखणं विसरलोय. तिथल्या शाळांमधून आणि छापखान्यातून तुंबुका ही उत्तरेची लिहिण्या-वाचण्याची भाषा झाली. इंग्रजांच्या काळात, देशाचं नाव न्यासालँड असताना, न्यांजा (म्हणजे चिन्यांजा) भाषेच्या बरोबरीनं तिला सरकारी मान्यता होती.

१९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, मलावी झाला. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या पक्षानं ठरवलं की चिन्यांजाला आता चिचेवा म्हणायचं आणि तीच एक राष्ट्रभाषा. तुंबुका शाळेतून गेली, रेडिओवरून गेली, छापील वर्तमानपत्रातून गेली. एका पिढीनं घरी जी भाषा ऐकली ती शाळेच्या दारात ठेवून आत जायचं. १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका होऊन बांडा गेले, त्यानंतर ती रेडिओवर परत आली.

माझ्या घरमालकीणबाई तेव्हा तरुण होत्या. रेडिओवर इतक्या वर्षांनी आपल्या भाषेतल्या बातम्या लागल्या तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'आई त्या दिवशी चुलीपाशी बसूनच राहिली, सिमा करपली तरी उठली नाही.' सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिथलं रोजचं जेवण.

पेन्शनर_काका

करपलेल्या सिमेपाशी मी थांबलो. पुढचं वाचायला जरा वेळ लागला.

फिरस्ता

झांबियाच्या बाजूलाही तोच सल आहे. तिथे इंग्रजीखेरीज सात भाषांना सरकारी स्थान आहे: बेंबा, न्यांजा, टोंगा, लोझी, काओंडे, लुंडा आणि लुव्हाले. तुंबुका त्यांत नाही. लुंडाझी, चामा या भागांत घरोघर तुंबुका, पण तो पूर्व प्रांत असल्यामुळे शाळेची प्रादेशिक भाषा न्यांजा.

तंजावरी

एक शंका. म्झिम्बामध्ये न्गोनी लोकांचं राज्य होतं ना? मग तिथे तुंबुका कशी?

दर्यावर्दी

हे मला या सगळ्यात सगळ्यात विलक्षण वाटतं. न्गोनी हे दक्षिणेकडून, झुलूंच्या मुलखातून निघालेले लढवय्ये. झ्वांगेंडाबा त्यांचा नेता. १८३५ मध्ये त्यांनी झांबेझी ओलांडली, उत्तरेत खूप वर जाऊन मग त्यांची एक शाखा मम्बेल्वाच्या हाताखाली आजच्या म्झिम्बात स्थिरावली. तुंबुकांना त्यांनी जिंकलं, त्यांच्यातली तरुण मुलं लष्करात घेतली, बायका घरात आणल्या. पण घरात आलेल्या बाईनं मुलाला जोजवलं ते तुंबुकात. दोन-तीन पिढ्यांत न्गोनींची रोजची भाषा तुंबुका झाली. आजही मम्बेल्वा ही गादी आहे, समारंभात ढाली आणि नाच न्गोनींचे असतात, जुनी स्तुतिकवनं न्गोनीत म्हणतात. बाजारात भाव करताना तुंबुका.

म्हणून उंबरठाताई, 'तुंबुका बोलणारी' आणि 'तुंबुका बाई' यांत फरक ठेवा. म्झिम्बातली बाई तुंबुका बोलेल, पण विचारलंत तर स्वतःला न्गोनी म्हणेल. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे वाचणारा तिथेच फसतो.

तंजावरी

आमच्याकडे नेमकं उलट. राज्य करायला गेलेल्यांची मराठी तंजावरात साडेतीनशे वर्षं घरात टिकली. तमिळ पुष्कळ मिसळली, पण आजी ओरडायची ती मराठीतच. तुमचं वाचल्यावर वाटलं, भाषा कोणाची टिकणार हे बहुधा स्वयंपाकघरातच ठरत असावं.

बिनीचा_शिलेदार

यावरून गोव्यातल्या मराठी-कोकणीची आठवण झाली. तिथेही राजभाषा कायद्यात…

व्यवस्थापक

त्या विषयावर तीन धागे आधीच सुरू आहेत, कृपया तिकडे लिहावे. इथे तुंबुकाच राहू द्या.

शेवंती

विम्बुझाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून! युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे ते, २००८ पासून. तुंबुका लोकांमधला उपचाराचा नाच. आजारी बहुतेक बायका असतात, मनाच्या दुखण्याच्या. वैद्याकडे 'तेम्फिरी' नावाचं घर असतं, तिथे रुग्ण आठवडे, कधी महिने राहतात. बाया-मुलं भोवती रिंगण धरून गातात आणि ती बाई हळूहळू भारावून नाचू लागते. प्रत्येक आत्म्याचा ढोलाचा ठेका वेगळा. मी चित्रफीत पाहिली आणि मला आमच्या गावच्या जत्रेत अंगात येणाऱ्या बायका आठवल्या. ज्या बाईचं एरवी कोणी ऐकत नाही तिच्याभोवती सगळं गाव उभं आहे, हे दोन्हीकडे दिसतं.

दर्यावर्दी

मी एकदा लांबून पाहिलंय, रात्री. कमरेला कातड्याच्या पट्ट्या, पायात लोखंडी खुळखुळे, धूळ गुडघ्यापर्यंत. जवळ जायला कोणी अडवलं नव्हतं, मीच गेलो नाही. कोणाच्या तरी दुखण्याच्या वेळी उभं राहून बघत बसणं बरं वाटेना.

आणि हो, विम्बुझातला 'वि' तोच, धातुपाठांनी सांगितलेला विन्थुमधला.

मोडीवाला

लिहिण्याचा प्रश्न राहिलाच. त की ट?

धातुपाठ

त. इंग्रजीतला टी आपण सवयीनं ट लिहितो कारण इंग्रजांची जीभ तशी वळते. बांटू भाषांतला साधा त आपल्या तच्या जवळ आहे. शिवाय तुंबुकात त आणि थ हे वेगळे वर्ण आहेत. मुन्थुमधला थ देवनागरीत जसाच्या तसा लिहिता येतो, रोमनमध्ये टीनंतर एच जोडावा लागतो आणि मग इंग्रज वाचक 'थिन'मधला थ काढतो. ढोलाला ते म्हणतात 'ङोमा'. बाराखडीत पाठ केलेला ङ आयुष्यात पहिल्यांदा शब्दाच्या सुरुवातीला लिहिला मी!

'वातुंबुका'मधला व जरा वेगळा आहे. ओठ जवळ आणायचे पण गोल करायचे नाहीत. जुन्या पुस्तकांत त्यासाठी डब्ल्यूच्या डोक्यावर छोटं छप्पर काढत, मलावीच्या नावातही ते असे. कुठे कुठे ब लिहीत. म्हणून एकाच लोकांचं नाव 'बातुंबुका' आणि 'वातुंबुका' असं दोन तऱ्हांनी सापडतं.

पेन्शनर_काका

बु ऱ्हस्व की दीर्घ?

दर्यावर्दी

कानाला दीर्घच येतो. तिथे शेवटून दुसऱ्या अक्षरावर आवाज रेंगाळतो. तुम्बूऽका. वातुम्बूऽका. सगळ्याच शब्दांना ती लय आहे, म्हणून त्यांचं बोलणं लांबून ऐकलं तरी झोका दिल्यासारखं वाटतं.

मोडीवाला

पण आपला नियम उपान्त्याचाच आहे आणि तो उलटा सांगतो! शब्द दीर्घान्त असेल तर उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व. गरीब पण गरिबी, वकील पण वकिली. त्या हिशेबानं 'तुंबुका'. मी शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं, आता आफ्रिकेसाठी मोडणार नाही.

धातुपाठ

तुंबुका, सहमत. रोमनमध्येही ती दीर्घता कोणी लिहीत नाही.

कोकणकडा

आणि विभक्ती? 'तुंबुकेत' की 'तुंबुकात'? आफ्रिका-आफ्रिकेत, अमेरिका-अमेरिकेत. मग तुंबुका-तुंबुकेत व्हायला हवं.

मोडीवाला

तर्क बरोबर. स्त्रीलिंगी आकारान्त, ए-कारान्त सामान्यरूप.

शेवंती

'ओडिया' भाषाही आकारान्तच की. 'ओडियेत अनुवाद झाला' असं कोणी म्हणतं का? 'ओडियात'च म्हणतो आपण. आफ्रिका, अमेरिका हे प्रदेश, शे-दीडशे वर्षं तोंडात घोळलेले. 'तुंबुकेत बोलली' वाचलं तर मला तुंबुका नावाचं गाव वाटेल.

धातुपाठ

शेवंतीताईंचा मुद्दा पक्का आहे. माझ्या कानालाही 'तुंबुकात'च बरं लागतं. आणि हा मुलूख नाही हेही त्यातून आपोआप कळतं. मी तर वर नकळत 'तुंबुकात'च लिहून गेलोय.

मोडीवाला

ओडियाचं मान्य. 'तुंबुकात'.

उंबरठा

मंडळी, दोन दिवस अडकलेलं तुम्ही सोडवलंत. असं ठरवलं आहे: सगळीकडे 'तुंबुका'. लोकांसाठी 'तुंबुका लोक', भाषेसाठी पहिल्यांदा 'तुंबुका भाषा' आणि पुढे 'तुंबुकात'. मोडीवाल्यांचा आग्रह राखून पहिल्या उल्लेखाला एक ओळ जोडतेय, की ते स्वतः या भाषेला चितुंबुका म्हणतात. १९६८ बद्दल दोन वाक्यं तळटीपेत.

एक परिच्छेद इथे टाकते, नजरेखालून घाला:

'दारातल्या चटईवर बसलेल्या आजीनं मान वर केली. "मुली उली?" सेविकेनं तुंबुकात विचारलं. आजी हसली. "निली माकोरा, क्वाली इम्वे?" मी बरी आहे, तू कशी आहेस? सेविकेनं पिशवीतून वही काढली.'

दर्यावर्दी

सुंदर उतरलंय. एकच शब्द बदला.

आजी 'इम्वे' म्हणतेय. एकेरी असतं तर 'इवे' म्हणाली असती. तुंबुकात हा भेद अगदी आपल्यासारखा आहे, इवे म्हणजे तू, इम्वे म्हणजे तुम्ही, अनेकांना आणि आदराला एकच. मी सुरुवातीला भाषा शिकलो ती पंपाभोवती जमणाऱ्या पोरांकडून. ती आपसात इवे म्हणत, मीही तेच उचललं. एकदा बाजारात उसिपा विकायला बसलेल्या म्हातारबाईंना इवे म्हणालो. उसिपा म्हणजे सरोवरातली बारीक मासळी, वाळवून ढिगानं विकतात. त्या रागावल्या नाहीत. माप भरता भरता हात थांबवून एवढंच म्हणाल्या, 'इम्वे.' मी म्हटलं, 'इम्वे.' मग त्यांनी मापावर आणखी एक मूठ घातली. ती चूक मी पुन्हा केली नाही.

तुमच्या लेखात आजी वयानं मोठी आहे, तरी घरी आलेल्या सेविकेला इम्वे म्हणते. इंग्रजीत तिथे नुसतं 'यू' असणार, त्यामुळे तो मान लेखिकेच्या इंग्रजीत दिसतच नाही. मराठीत दाखवता येतो.

उंबरठा

खरंच की. आजी म्हटल्यावर माझा हात आपसूक 'तू'कडे गेला. बदललं:

'मी बरी आहे, तुम्ही कशा आहात?'

दर्यावर्दीदादा, येवो चोमेने.